जखम ओली राहू दे

[दृश्य: वेंगुर्ल्याकडचा काजू कारखाना. कापणीच्या यंत्रांची लय. कॅमेरा हातांवर.]

काजूचं टरफल फुटलं की त्याच्या सालीत दडलेलं काळपट तेल बोटांवर येतं. त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. कातडी भाजल्यागत होते, मग तिचे पापुद्रे निघतात. बायका बसण्याआधी बोटांना राख नाहीतर तेल चोळून घेतात, तरी एखादं बोट सोलवटतंच. आंबे उतरवणाऱ्यांच्या गालावर देठाचा चीक उडतो. पावसाळ्यात कातळावर घसरून पोरांचे गुडघे सोलतात, दुचाकीच्या सायलेन्सरचा पोटरीला चटका बसतो. यातलं काहीच जिवावर बेतणारं नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट बघतही नाही.

घरात सल्ला ठरलेला असतो. "वारो लागांदेत, सुकतली." वर हळद, चुना, आणि भाजलं असेल तर टूथपेस्ट.

इथेच आपलं चुकतं, आणि ते दुखऱ्या हाताला सोसावं लागतं.

१९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमा तपासल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. नव्या पेशी जखमेच्या कडेने सरकत मधे येतात. वर टणक खपली धरली असेल, तर त्यांना तिच्याखालून, ओलावा सापडेल तिथून वाट काढावी लागते.

[दृश्य: पारदर्शक जेलचा चौकोनी तुकडा, उजेडासमोर धरलेला.]

हायड्रोजेल पट्टी हाच ओलावा टिकवते. हिचा बराचसा भाग नुसतं पाणी असतो. ते पाणी पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, जाळीत अडकलेलं असतं, म्हणून ओघळत नाही. आपल्याच किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी जेल तयार करण्याचं तंत्र विकसित झालं. पॉलिमरचं द्रावण पाकिटात बंद करून त्यावर किरणांचा मारा करतात. जाळी विणली जाते आणि त्याच वेळी पट्टी निर्जंतुकही होते.

[दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र. सिस्टर आणि काजू कारखान्यातली एक बाई.]

सिस्टर आधी साबणाच्या पाण्याने बाईचे हात धुतात. तेलाचा अंश राहिला तर तो आतून जाळत राहतो. मग स्वच्छ पाण्याने बोट धुऊन कडा हलकेच टिपून घेतात. आता जेल बसतं. बाईचा आक्रसलेला खांदा हळूहळू खाली येतो. उघड्या पडलेल्या नसांना गारवा लागला की ठणका उतरतो, आणि पट्टी काढताना नवी कातडी ओढली जात नाही. गॉज चिकटून निघताना ज्यांनी दात आवळलेत, त्यांना याचं मोल सांगायला नको.

जेल स्वतःहून धरून राहत नाही, वरून दुसरी पट्टी लागते. आपल्याकडच्या घामट हवेत तिच्या कडा सुटतात, म्हणून रोज बघावं लागतं. जेलच्या भोवतीची कातडी पांढरी, पिचपिचीत दिसली तर ओल जास्त झाली. तुकडा जखमेच्याच मापाचा कापायचा.

चटका बसला असेल तर जेलच्या आधी नळाचं वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. बर्फ नको.

मासळीचा काटा खोल रुतला, जखमेतून पू किंवा भरपूर पाणी येतंय, भोवती लाली पसरतेय, किंवा मधुमेह्याच्या पायाला काही झालंय, तर जेल लावून घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगायचं.