गळावरून सुटलेला मासा जगतो का?

मासा हातातून सुटून शेपटी मारत खोल पाण्यात गेला की आपण मानतो, वाचला. पण गळावर दमलेला मासा बहुधा लगेच मरत नाही. मरायचाच असेल तर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी तो तळाशी मरतो. तोवर आपण घरी पोचलेलो असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये आता हौसेनं गळ टाकून मासा परत सोडणारी मंडळी वाढली आहेत. हेतू चांगला आहे, म्हणूनच हाताळणीबद्दल सविस्तर बोलायला हवं.

2005 साली जगभरच्या अभ्यासांतले 274 आकडे एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. सोडलेल्या माशांच्या मृत्यूचं प्रमाण त्यात सरासरी 18 टक्के निघालं, पण मधला आकडा 11 होता. म्हणजे बऱ्याच ठिकाणी नुकसान थोडं, आणि काही ठिकाणी फार मोठं. सर्वांत जास्त फरक पडला तो गळ कुठे रुतला यानं. ओठात रुतला तर मासा सहसा जगतो. घशात, कल्ल्यात किंवा पोटात गेला तर धोका कितीतरी वाढतो.

त्यामुळे हाताळणीची सुरुवात मासा लागायच्या आधीच होते. काठीला घुंगरू बांधून सावलीत जाऊन बसलं की घुंगरू वाजेपर्यंत माशानं आमिष गिळलेलं असतं. काठीजवळ बसा. रोहू-कटल्यासाठी पेंडीच्या गोळ्याभोवती चार-सहा गळ लोंबवायची पद्धत आहे. मासा खायचाच असेल तर ठीक. सोडायचा असेल तर ती पद्धत वाईट, कारण एक गळ ओठात असताना माशाच्या धडपडीत दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात घुसतो. एकच गळ ठेवा आणि त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा निसटत नाही आणि गळ एका हिसक्यात निघतो. आत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरत असाल तर झटका मारू नका. दोरी हळूहळू ताणा, म्हणजे तो सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

आता हवेचा भाग. झुंजताना माशाचे स्नायू प्राणवायूवाचून काम करतात, रक्तात आम्ल साठतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. 1992 मध्ये कॅनडात ट्राउट माशांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा आहे, रोहू त्याहून चिवट. हे आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत, पण दिशा तीच राहते. फोटो काढायचा तर मोबाईलवाल्याला आधी तयार करा, मग मासा उचला, आणि दहा सेकंदांत परत पाण्यात. एक सोपी खूण आहे: मासा उचलताना आपणही श्वास रोखायचा.

खान्देशात यावर उन्हाची भर पडते. 20 अंशांच्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात, 35 अंशांना सात. पाणी तापतं तसा प्राणवायू घटतो आणि माशाची गरज वाढते. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास असतो. त्या दिवसांत हतनूर धरणाच्या उथळ कडेला किंवा गिरणा नदीच्या आटलेल्या डोहात दुपारी धरून सोडलेला मासा वाचेल असं मला वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये धरून सोडायचंच असेल तर पहाटे बसा, ऊन चढलं की गळ गुंडाळा. दुपारी बसायचंच असेल तर खाण्यापुरता एक मासा धरा, डोक्यावर जोरात ठोकून लगेच मारा आणि थांबा. दहा मासे सोडून त्यातले निम्मे तळाशी मरण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. दोरीही जाड घ्या. तीन-चार किलोच्या कटल्याला 0.40 मिलिमीटरच्या आसपासची दोरी असली की झुंज लवकर संपते. बारीक दोरीवर अर्धा तास खेळवण्यात शौर्य नाही.

मग कातडी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगाविरुद्धचं कवच आहे. कोरडा हात, रुमाल, सुती हातमोजा लागला की तो निघतो, खवले सैल होतात, आणि तिथे बुरशी धरते. माशाच्या अंगावर खोल जखमा पाडणारा व्रणरोग 1988 पासून भारतात आहे. त्याची बुरशीसारखी लागण दुखावलेल्या कातडीतून सहज आत शिरते, आणि मरळीला हा रोग विशेष होतो. म्हणून हात आधी पाण्यात बुडवा. तापीकाठचे काळे दगड उन्हात असे तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही. त्यावर मासा ठेवणं म्हणजे त्याला भाजणंच. वाळूही वाईट, कारण ती कल्ल्यात शिरते. ओल्या गवतावरही ठेवू नका, मासा पाण्यातच राहू द्या.

गाठी मारलेल्या नायलॉनच्या जाळ्यानं पर फाटतात आणि खवले निघतात. बिनगाठीचं किंवा रबराचं हातजाळं घ्या. शिंगाळ्याचे दातेरी काटे जाळ्यात गुंततात, तिथे ओढाताण करू नका, जाळ्याचा धागा कापा. मासा आडवा धरा: एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवला तर सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतं. वजनकाट्याचा आकडा जबड्यात अडकवण्याऐवजी ओल्या झोळीत वजन करा आणि झोळीचं वजा करा.

गळ खोल गेला असेल तर खेचू नका. दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडा. गळ उपसताना होणारा रक्तस्राव आत राहिलेल्या गळापेक्षा जास्त मारक ठरतो. साधा लोखंडी गळ कालांतराने गंजतो किंवा मासा तो बाहेर टाकतो. स्टेनलेस स्टीलचा मात्र वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून तो वापरू नये. कल्ल्यातून लाल रक्त धार लावून वाहत असेल, तर तो मासा घरी न्या.

सोडण्याआधी तपासा. पाण्यातच मासा हळूच उलटा करा. तीन सेकंदांत सरळ झाला, शेपटी धरल्यावर झटका दिला, तर लगेच जाऊ द्या, उगाच धरून ठेवू नका. कलंडत असेल तर तोंड प्रवाहाकडे करून आधार द्या. धरणाच्या संथ पाण्यात त्याला पुढच्या दिशेनं हळूहळू फिरवा. मागे-पुढे हलवायची सवय सोडा, मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं.

मरळीचं वेगळं. ती वरची हवा घेते, त्यामुळे पाण्याबाहेर रोहूपेक्षा कितीतरी जास्त तग धरते. पण पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी पिल्लांचा थवा दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्यांना धरून पाच मिनिटं बाजूला ठेवलं तरी तेवढ्यात इतर मासे पिल्लं फस्त करतात. तिथे गळ टाकूच नका, सोडण्याच्या हेतूनंही नाही.

आणि परदेशी मांगूर किंवा टिलापिया लागला तर हे सगळं विसरा. तो पाण्यात परत टाकू नका, दुसऱ्या तळ्यातही नाही. स्थानिक माशांची अंडी-पिल्लं आणि खाद्य दोन्ही ते संपवतात. ज्या तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे, तिथे आधी परवानगी घ्या, आणि मेलेला मासा काठावर टाकून देण्याऐवजी त्यांच्या हवाली करा.