साम्य डोळ्यांत नसतं

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकणारा बहुधा डोळ्यापासून सुरुवात करतो. एक डोळा दोन तास घोटतो, मग दुसरा. आणि नाकापाशी आल्यावर कळतं की दोन डोळ्यांमधलं अंतरच चुकलंय. इतका सुरेख डोळा पुसायला हात धजत नाही, म्हणून नाक सरकवलं जातं. साम्य जातं ते तिथंच.

म्हणून आधी अस्तर. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलीही छटा असते त्याहून गडद भासते. चित्रकार बिचकतो आणि चेहरा फिका होत जातो. रॉ अंबर हा तपकिरी मातकट रंग टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून लावा, फडक्यानं पुसा, वाळू द्या. मग डोक्याचा माथा आणि हनुवटी, एवढ्या दोनच खुणा. डोळ्यांची रेषा या दोन्हींच्या साधारण मध्यावर येते. नवखे ती वर नेतात, कारण केसांखालची कवटी त्यांच्या हिशेबातच नसते. नजर जिकडे, तिकडे मोकळी जागा थोडी जास्त ठेवा.

आता डोळे किलकिले करून पाहा. डोळ्याची खोबण, नाकाखालची सावली, गालाची बाजू, जबड्याखालचा भाग हे सगळं मिळून एकच गडद आकार दिसतो. तो मोठ्या चपट्या ब्रशनं, पातळ अंबरनं, एकाच छटेत भरा. पापण्या नाहीत, ओठ नाहीत, तरी दहा पावलांवरून माणूस ओळखू यायला हवा. नाही आला, तर पुढे जाऊ नका. इथली चूक फडक्यानं निघते, नंतरची सुरीनं खरवडावी लागते. या थराला आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग नको. तो सावकाश वाळतो, आणि त्यावर लवकर वाळणारा थर चढला की पुढे तडे जातात. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो.

रंग भरताना ‘कातडीचा रंग’ असा एकच रंग शोधू नका. कपाळ पिवळसर, गाल, नाक, कान तांबूस, हनुवटीभोवती करडेपणा, असे पट्टे पुष्कळ चेहऱ्यांत सापडतात. यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल, पांढरा आणि किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) एवढ्यावर बरंच भागतं. सावलीत मात्र पांढरा शिरला की ती खडूसारखी मेलीच. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या उत्तरकाळातल्या चेहऱ्यांवर उजेडाचा रंग जाड, सावली पातळ, खालचं अस्तर दिसू देणारी.

डोळे, ओठ आता. बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरं नसतं. वरच्या पापणीची सावली पडून ते करडं होतं. ओठांचे कोपरे बोटानं हलकेच पुसा, नाहीतर तोंड कागदातून कापल्यासारखं दिसतं. आरशात चित्र उलटं पाहिलं की तिरपा जबडा लगेच पकडता येतो.

प्रत्येक वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा थोडं जास्त. डोळ्यातला चमकबिंदू शेवटी, एकाच स्पर्शात; दुसऱ्यांदा ब्रश फिरला की तो मळतो. नेहमीचं व्हार्निश पातळ थरांच्या चित्रालाही सहा महिने ते वर्षभर थांबूनच द्यावं.