काळ्या दगडाची किंमत

रामटेकच्या अलीकडे मनसर. जबलपूरकडे जाणारा महामार्ग सोडला की रस्त्याची माती काळपट होत जाते. हे मँगनीज, पोलादासाठी लागणारं खनिज. दगड उचलला तर दिसतो त्याहून जड लागतो आणि खाली ठेवला तरी तळव्यावर काळा डाग राहतो.

या पट्ट्यात खाणी १९व्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. आधी इंग्रजांची कंपनी होती, १९६२ पासून 'मॉइल' ही सरकारी कंपनी.

खाणीवर दगड फोडणाऱ्या बायांचे हात बघा. हातोडीने ठोकतात, काळा माल एका ढिगात, पांढरी गारगोटी दुसऱ्या ढिगात. मालाचा दर्जा इथे वेगळा होतो आणि पुढचा सगळा हिशेब त्याच दर्जावर चालतो.

तो हिशेब नागपुरातच होतो. सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे. कोणत्या राज्यात, कोणत्या दर्जाच्या मालाला सरासरी काय भाव मिळाला, हे ब्युरो दर महिन्याला जाहीर करतो. मँगनीजवर त्या भावाच्या ५ टक्के रॉयल्टी खाण कंपनीने राज्याला द्यायची. समजा भाव टनाला १०,००० रुपये आहे. मग राज्याला ५०० रुपये. त्याशिवाय, २०१५च्या कायदा दुरुस्तीनंतर, जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठान या न्यासाला द्यावी लागते, म्हणजे १५० रुपये. लिलावात घेतलेल्या पट्ट्यांना हाच वाटा १० टक्के.

२५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, रॉयल्टी हा कर नाही. माल काढून नेण्याचा तो मोबदला आहे. म्हणून खनिज हक्कांवर वेगळा कर लावण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला. कर वाढला की पोलाद महागेल, असं उद्योगांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण जमिनीतून गेलेला माल परत येत नाही. मोबदला एकदाच घेता येतो, आणि तो पुरता घेतलाच पाहिजे.

धूळ, पाणी, ट्रकांनी उखडलेले रस्ते: हे खाणीशेजारच्या गावांच्या वाट्याचं.

प्रतिष्ठानचा पैसा याच गावांसाठी आहे, कायद्यानेच. मनसर, कांद्री, गुमगाव. यंदा कुणाची नळयोजना, कुणाचा दवाखाना, किती रुपये, हे त्या त्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवलं पाहिजे. खर्च पडण्याआधी.