एईडी घ्यायचा, पण टांगायचा कुठे?

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंत, कुठल्या कंपनीचा एईडी, म्हणजे कोसळलेल्या माणसाच्या थरथरत्या हृदयाला विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणायचं यंत्र, घेऊ? कंपनी नंतर बघू. आधी आपल्या मासळीच्या कारखान्यात एकदा चालून बघा. पीलिंग हॉलच्या, म्हणजे कोळंबी सोलायच्या हॉलच्या, पार टोकाला माणूस कोसळलाय असं धरा. गमबूट घालून, ओल्या फरशीवरून यंत्रापर्यंत जा, ते घेऊन परत या. तीन मिनिटांत आलात तर जागा बरोबर. नाही तर जागा बदला किंवा दुसरं यंत्र घ्या. हृदय नुसतं थरथरत असतं आणि कोणी काहीच करत नाही, तेव्हा वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ला फोन आणि छाती दाबणं लगेच सुरू व्हायलाच हवं; यंत्र यायची वाट बघत उभं राहायचं नाही.

यंत्र ज्या पेटीत टांगाल तिला कुलूप नको. चोरीची भीती मला कळते, पण किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर चिपळूणला, ही आपल्याकडची रीत! दार उघडताच भोंगा वाजेल अशी पेटी मिळते, ती घ्या.

आता यंत्र. पाण्याचे फवारे उडतात तिथे आयपी ५५ दर्जाचं मागा; यंत्र धूळ आणि पाणी किती रोखतं ते हे आकडे सांगतात. यातला दुसरा ५ पाण्याच्या झोतासाठी असतो. बहुतेक यंत्रं ० ते ५० अंशांत ठेवायची असतात. म्हणजे उणे १८ च्या कोल्ड स्टोरेजमध्ये नाही, आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालीही नाही. साध्या लोखंडी पेटीच्या बिजागऱ्या आपल्या खाऱ्या हवेत गंजतात, म्हणून फायबरची बघा. यंत्र कुठली भाषा बोलतं तेही विचारा. तुमच्याकडे नेपाळी माणसं कामाला असतील तर इंग्रजी सूचनांचा काय उपयोग?

झटका देण्यासाठी छातीला चिकटवायचे पॅड यंत्रासोबत येतात; त्यांचं पाकीट ‘बघू तरी’ म्हणून फोडू नका. आतला जेल वाळला की पॅड छातीला नीट चिकटत नाही. न फोडताही त्याची मुदत साधारण दोन ते पाच वर्षांत संपते, तारीख पाकिटावरच असते. पेटीत कात्री, रेझर आणि कोरडा टॉवेल ठेवा. आपल्याकडे माणूस घामाने नाहीतर पाण्याने भिजलेलाच असणार, छाती पुसल्याशिवाय पॅड लावायचे नाहीत. विजेचा धक्का बसलेला असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

यंत्र स्वतःची तपासणी स्वतः करतं आणि दिव्याने कळवतं. तो दिवा रोज कोणीतरी बघायला हवा, आणि त्या माणसाचं नाव पेटीवर लिहा. ‘सगळे बघतील’ म्हटलं की कोणीच बघत नाही. दसऱ्याला यंत्राची पूजा जरूर करा, फक्त हळदकुंकवाचं बोट त्या दिव्यावर टेकवू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हॉल रिकामा. तरी वॉचमन आणि दुरुस्तीची माणसं आत असतातच. त्या दोन महिन्यांची जबाबदारी वॉचमनवर लेखी द्या.

आणि कंपनीचं म्हणाल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: यंत्र एकदा वापरलं, पॅड संपले, तर नवे पॅड रत्नागिरीत किती दिवसांत पोचतील? उत्तर लेखी घ्या, आणि तोवर चालवायला जादा पॅडचा एक जोड त्याच ऑर्डरमध्ये मागवा.