शोकाला भिंत लागते

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस: रॉक कलावंत आणि चाहत्यांचा शोक’. तीन शहरं, पन्नास मिनिटं, त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ छान होता. तेव्हा लंडनपासून सुरुवात करू आणि संयोजकांची चिठ्ठी येईपर्यंत तिथंच राहू.

‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, ‘हेक्टिक्स’ हा त्याचा शाळकरी बँड तिथलाच. एवढं सांगितलं की सभागृहात ‘म्हणजे आपलाच की!’ अशी कुजबुज सुरू होते. झालीच बघा. जन्म झांझिबारचा, घर पारशी, आडनाव गुजरातेतल्या बलसाडवरून. शाळेपुरता आपला म्हणा, बाकीच्यांनाही थोडा ठेवा.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याला एड्स असल्याचं निवेदन निघालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४५. २७ तारखेला मोजक्या माणसांत, पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेत, पश्चिम लंडनमध्ये दहन झालं. रक्षा त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन यांच्या हवाली केली. ती कुठं आहे हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. २०१३ मध्ये केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याच्या मूळ नावाचा एक छोटा फलक लोकांच्या नजरेस पडला. बातमी झाली आणि फलक गायब!

आता माझा मुद्दा. माणूस गेला, कबर नाही, दर्शन नाही. चाहत्यानं करायचं काय? तो घराशी जातो. केन्सिंग्टनमध्ये लोगन प्लेसला गार्डन लॉज. बाहेरून दिसते फक्त उंच विटांची भिंत आणि एक हिरवं दार. बस्स, तेवढं पुरलं. दारावर, भिंतीवर लिहिणं सुरू झालं. याला ‘विद्रूपीकरण’ म्हणणारे भेटले की माझं डोकं फिरतं. दारावर मजकूर लिहिणाऱ्या माणसाला नासधूस करायची नसते, त्याला पोच हवी असते. आपण समाचाराला जातो तेव्हा घरात कुणीतरी बसलेलं असतं. इथं कुणीच नाही, म्हणून दाराशीच बोलायचं.

बरं, हे टिकवायचं तर कसं? इथं भावना बाजूला ठेवून शाईकडे बघावं लागतं. साध्या पर्मनंट मार्करमध्ये रंगद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं. उन्हात ते फिकं पडतं, लाल बहुधा सगळ्यात आधी. गणपती मंडळाचा जुना फलक आठवा: ‘हार्दिक’ उडालेलं आणि ‘स्वागत’ काळ्यात म्हणून शिल्लक. विटेवर तीच शाई आत मुरते. पुसायला स्पिरिट लावलं की रंग पुन्हा विरघळतो आणि आणखी खोल जातो, म्हणजे डाग मोठा आणि अक्षर नाहीसं. दोन्हीकडून नुकसान. पेंट मार्करमध्ये रंगाचे न विरघळणारे कण असतात, ते पृष्ठभागावर बसतात आणि जास्त तगतात.

मग कुणीतरी म्हणतं, वर पारदर्शक ॲक्रिलिक लावा. गार्डन लॉजलाही असे पत्रे बसले होते. चाहते त्यांच्यावर लिहीत, फटींत चिठ्ठ्या खोचत. पुढे ते काढले. पण ॲक्रिलिक लावणं म्हणजे शोकेसची काच बसवणं नव्हे. दोन मीटर लांबीचा पत्रा तीस अंशांच्या फरकानं जवळपास चार मिलिमीटर लांब होतो. स्क्रूची भोकं घट्ट ठेवलीत तर तिथूनच चीर जाते. भोक मोठं हवं, खाली रबरी वॉशर हवा, स्क्रू पिरगाळायचा नाही. पत्रा भिंतीला चिकटवायचा नाही. मागं दोन-अडीच सेंटीमीटर हवा खेळू द्यायची, वर-खाली मोकळं ठेवायचं. नाहीतर दमट भिंत वाळत नाही, आतून वाफ धरते आणि तुम्ही जपायला निघालेली अक्षरं बुरशीखाली जातात. आणि पत्र्यावर स्पिरिट किंवा थिनरचा बोळा फिरवू नका. भोकांच्या कडेनं केसासारख्या चिरा उमटतात. सौम्य साबण, पाणी, मऊ फडकं.

फुलांचं वेगळं रडगाणं. गुच्छ सेलोफेनसकट ठेवतात. देठांना पाणी नाही आणि आतली वाफ बाहेर पडत नाही. दोन-तीन दिवसांत पाकळ्यांचा चिखल. त्यात अडकवलेलं पत्र सगळ्यात आधी जातं, शाई पसरते, कागद एकमेकांना चिकटतो. म्हणून पहिल्या दिवशीच हातमोजे घालून बसायचं: प्लास्टिक वेगळं, फुलं खताला, पत्रं टिपकागदांमध्ये सपाट वाळवायची. ओली पत्रं ओढून उलगडायची नाहीत. मेणबत्त्यांचं मेण दगडावर सांडलं तर गरम पाणी ओतू नका, ते आत शिरतं. गार होऊ द्या, लाकडी पट्टीनं खरवडा, उरलेलं टिपकागद आणि कोमट इस्त्रीनं ओढून घ्या.

तर त्या दाराचं पुढं काय झालं? सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात ते, लिहिलेल्या मजकुरासकट, ४,१२,७५० पौंडांना गेलं. अंदाज होता पंधरा ते पंचवीस हजारांचा. म्हणजे ज्याला ‘घाण’ म्हणत होते तिलाच... आली का चिठ्ठी? ‘सात मिनिटं.’ आणि अजून दोन शहरं. मोंत्रूचा तीन मीटरचा ब्राँझ पुतळा राहिलाच. लंडनमध्ये त्याला जागा मिळेना, म्हणून १९९६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठी उभा राहिला. असो.

न्यूयॉर्क, पटकन. ‘बीटल्स’मधल्या जॉन लेननवर ८ डिसेंबर १९८० रोजी त्याच्या घरासमोर गोळ्या झाडल्या गेल्या. लोक त्या फाटकाशी जमले. त्याची पत्नी योको ओनो यांनी अंत्ययात्रा ठेवली नाही. १४ तारखेला जो जिथं असेल तिथं दहा मिनिटं शांत राहावं, एवढंच मागितलं. सेंट्रल पार्कात प्रचंड गर्दी झाली. नंतर तिथंच, घरासमोर, अडीच एकर जागा मिळाली: स्ट्रॉबेरी फील्ड्स, १९८५. मधोमध जमिनीवर नेपल्सहून आलेलं गोल मोझेक. या रचनेची हुशारी बघा. सपाट, गोल, वर काही उभं नाही. फुलं, मेणबत्त्या मांडता येतात आणि झाडून काढता येतात. चोहीकडून पोचता येतं, शेजारच्या कुणाला त्रास नाही.

आता पॅरिस. ‘द डोअर्स’ बँडचा गायक जिम मॉरिसन, मृत्यू ३ जुलै १९७१, पेर लाशेज दफनभूमी, विभाग सहा. अरुंद जागा, खेटून दुसऱ्यांची थडगी. जागा अपुरी, म्हणून चाहत्यांनी शेजाऱ्यांच्या दगडांवर बाण काढले, ‘जिम इकडे’. १९८१ मध्ये म्लादेन मिकुलिन या शिल्पकारानं अर्धपुतळा बसवला, लोकांनी तो रंगवला, तुकडे तोडले आणि १९८८ मध्ये तो अख्खाच चोरीला गेला. २०२५ मध्ये पोलिसांना दुसऱ्याच तपासात सापडला. कबरीभोवती कठडे मात्र त्याआधीच आले होते.

हो, दोनच मिनिटं. चुकलं कुठं? लेननच्या चाहत्यांना पृष्ठभाग दिला, मॉरिसनच्यांना दिला नाही, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांचा घेतला. पहिल्या आठवड्यातच मोठे कोरे पॅनेल, बांधलेले मार्कर आणि मेणबत्त्यांसाठी वाळूची पेटी ठेवा. अर्धी भांडणं मिटतात. पुरावा? पेर लाशेजला कबरीशेजारी एक झाड आहे. येणारे त्याच्या खोडाला च्युइंगम चिकटवायचे. खोडाभोवती बांबूची चटई गुंडाळली. आता च्युइंगम चटईला चिकटवतात.