जुन्या गाडीला नवा रेडिएटर

(दृश्य: उघडं बॉनेट. रेडिएटरच्या सांध्यावर हिरवट-पांढरे ओघळ.)

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकला की पहिला संशय रेडिएटरवर जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण रेडिएटर सहसा आपोआप निकामी होत नाही. इंजिनच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, साठलेला गंज, वर्षानुवर्षं ओतलेलं नुसतं नळाचं पाणी, सैल झालेलं अर्थिंग (बॅटरीकडे वीज परत नेणारी बॉडीची जोडणी), बसलेले इंजिन माउंट (इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार), यांपैकी कशानं तरी त्याचा बळी घेतलेला असतो. ते कारण गाडीत तसंच राहिलं तर नवा रेडिएटरही त्याच वाटेनं जातो. म्हणून आधी चौकशी आणि मग खरेदी.

गाडी कधी तापते, हा पहिला प्रश्न. उभी असताना तापते आणि वेग घेतल्यावर निवते, तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा पट्टा, पंख्याभोवतीचं कडं तपासायचं. उलट, सरळ रस्त्यावर वेगात तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही. नळ्या बुजल्यात, वॉटर पंपाची पाती गंजून लहान झालीत किंवा खालचा होज, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणारी रबरी नळी, वेगात चपटा होतोय. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं तरी इंजिन तापतं, आणि तो दोष कुठलाही रेडिएटर भरून काढत नाही.

हेडगॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) गेलं असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत राहतात. खात्री करायला तपासणीचा निळा द्रव मिळतो. एक्झॉस्टचा वायू त्यातून गेला की तो पिवळा पडतो.

आणि काटा खरं बोलतोय का, हेही बघायचं. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत काट्यांना सुमारे 10 व्होल्ट पुरवणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला, किंवा त्याचा अर्थ सुटला, की पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम वर जातात. इंजिन मात्र ठणठणीत असतं.

(दृश्य: इन्फ्रारेड तापमापक जाळीवरून सावकाश फिरतो आहे.)

इंजिन पूर्ण तापवून बंद करा आणि इन्फ्रारेड तापमापक रेडिएटरच्या जाळीवरून फिरवा. टाक्या वर-खाली असलेल्या रेडिएटरमध्ये तापमान वरून खाली सारखं उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा उभा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या बंद झाल्या आहेत. असे दोन-तीन पट्टे सापडले की रेडिएटर बदलायचं कारण पक्कं झालं.

आता निवड. वाटा तीन आहेत. जुन्याच टाक्या ठेवून मधली जाळी, म्हणजे कोअर, नवीन बसवून घेणं. तांबं-पितळेचा संपूर्ण नवा रेडिएटर घेणं. किंवा अॅल्युमिनियमचा घेणं.

टाक्या आणि कडेच्या पट्ट्या शाबूत असतील तर पहिली वाट उत्तम. बोल्टची भोकं, होजची तोंडं, कारखान्याचा बिल्ला, सगळं मूळ जागी राहतं आणि गाडीचं रूपही बदलत नाही. युद्धपूर्व गाड्यांत तर बहुधा दुसरा इलाज नसतो, कारण तिथे रेडिएटर हाच गाडीचा चेहरा असतो.

अॅल्युमिनियमबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. धातू म्हणून तांबं अॅल्युमिनियमपेक्षा सुमारे 1.7 पट जास्त उष्णता वाहतं. तरीही चांगला अॅल्युमिनियम रेडिएटर जुन्या तांब्याच्या रेडिएटरवर मात करू शकतो. याचं श्रेय बांधणीला द्यायला हवं. अॅल्युमिनियमच्या नळ्या जास्त रुंद करता येतात, नळ्या आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या भट्टीत एकजीव होतात, आणि मधे शिशा-कथलाच्या झाळणाचा उष्णता अडवणारा थर नसतो. वजनही बरंच कमी. मात्र फुटला तर रस्त्याकडेला झाळून वेळ मारून नेता येत नाही, आणि गाडीच्या वायरिंगमधले दोष तो अजिबात सहन करत नाही. त्याकडे पुढे येऊच.

जाळी जाड असेल तितकी चांगली, हाही सरसकट खरा नियम नाही. नळ्यांच्या दोन किंवा तीन ओळींऐवजी चार ओळी घेतल्या की हवेला आरपार जायला जास्त जोर लागतो. तो जोर मूळ पंख्यात नसेल तर मागच्या ओळीला पुढच्या ओळींतून तापून आलेली हवाच मिळते. चार ओळींचा रेडिएटर घ्यायचा तर पंख्याभोवती कडं हवंच, आणि पाती त्या कड्यात साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर असावीत.

पंपाशिवाय चालणाऱ्या गाड्यांचा हिशेब वेगळाच. फोर्ड मॉडेल टीच्या बहुतेक गाड्या आणि सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हन यांत वॉटर पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं खाली उतरतं, एवढ्यावरच अभिसरण चालतं. तिथे अरुंद नळ्यांची दाट जाळी बसवली तर पाणी जवळजवळ थबकतं. मोकळ्या नळ्या, आणि पाण्याची पातळी वरच्या होजच्या तोंडाच्या वर, या दोन गोष्टी तिथे जाळीच्या जाडीपेक्षा महत्त्वाच्या.

(दृश्य: जुना रेडिएटर टेबलावर. बाजूला टेप, कॅलिपर, कागदावर काढलेली आकृती.)

मापं जुन्या रेडिएटरवरूनच घ्यायची. मॉडेलचं नाव आणि सालावर विसंबून मागवलेला रेडिएटर हमखास कुठेतरी अडतो, कारण साल तेच असून मधेच पंखा, इंजिन किंवा होजची बाजू बदललेली असू शकते. जाळीची उंची, रुंदी, जाडी. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत. होजच्या तोंडांचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये, कॅलिपरनं. तोंडं डावीकडे की उजवीकडे, हे लिहिताना गाडीत बसलेल्या माणसाची डावी-उजवी धरली आहे असंही लिहायचं. नाहीतर आरशातला रेडिएटर घरी येतो. मग किरकोळ वाटणाऱ्या पण काम अडवणाऱ्या गोष्टी: इंजिन फिरवायच्या हँडलसाठी जाळीत भोक आहे का, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल गार करणारी नळी खालच्या टाकीत आहे का, ड्रेन कॉक उघडायला हात पोहोचतो का, बॉनेट मिटल्यावर झाकणाला जागा उरते का.

पंख्याच्या पात्यापासून जाळीपर्यंत किमान 20 ते 25 मिलिमीटर अंतर हवं. हे अंतर मोजण्याआधी इंजिन माउंट तपासा. त्यांचं रबर बसलं असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर इंजिन पुढे सरकतं आणि पातं जाळीत घुसतं.

रेडिएटरच्या झाकणाकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. ते आतला दाब ठरावीक आकड्यापर्यंत धरून ठेवतं. दर 1 पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशानं वर जातो. 7 पीएसआयच्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे 111 अंशांना उकळतं, 15 च्या झाकणाखाली सुमारे 120 ला. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण 7 पीएसआयसाठी बनलेल्या गाडीला 15 चं झाकण लावलं, तर नवा रेडिएटर टिकेल आणि पन्नास वर्षं जुना हीटर किंवा पंपाचं सील फुटेल. गाडीच्या मूळ आकड्यालाच राहावं. झाकणाची खोलीही जुळली पाहिजे. काही तोंडांची खोली साधारण 19 मिलिमीटर असते, काहींची 25. खोल तोंडावर आखूड झाकण बसवलं तर रबर आसनाला टेकतच नाही, दाब तयार होत नाही आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) गळतीशिवाय कमी होत राहतं.

(दृश्य: ड्रेन कॉकखाली तसराळं. तपकिरी पाणी पडतं आहे.)

उतरवायचं काम इंजिन पूर्ण गार असताना. कूलंट भांड्यात धरा आणि लगेच झाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं ते चाटतात. चिकटून बसलेला होज पिळून काढू नका. जुन्या पितळेचं तोंड त्या पिळानं टाकीपासून उखडतं. होज तसाही बदलायचा आहे, तो उभा चिरून काढा.

रेडिएटर बाहेर आला म्हणजे ब्लॉक धुवायची वेळ आली. ही पायरी गाळणारे पुष्कळ, आणि नवे रेडिएटर बुजतात ते मुख्यतः इथेच. ब्लॉकचा स्वतःचा ड्रेन कॉक असतो. तो उघडूनही पाणी आलं नाही तर आत चिखल आहे. जाड तार घालून भोक मोकळं करा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढा आणि पाण्याचा झोत नेहमीच्या उलट दिशेनं, म्हणजे वरच्या होजच्या बाजूनं आत सोडा. बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. सर्वात जास्त गाळ मागच्या सिलिंडरभोवती बसतो, कारण तिथे प्रवाह मंद असतो. गंज फारच असेल तर ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे कोअर प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणारी झाकणं) काढून आतून खरवडावं लागतं. एवढं करूनही काही कण सुटतातच. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांपुरता वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या टोकात नायलॉन मोज्याचा तुकडा अडकवतात. तो दर फेरीनंतर काढून धुवावा लागतो, विसरला तर तोच प्रवाह अडवतो.

थर्मोस्टॅट नवीन बसवा, मूळ अंशांचाच. तो काढून टाकला की गाडी गार राहते ही समजूत काही इंजिनांत चक्क उलटी पडते. त्यांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणारी, वाट बंद करतो. तो नसेल तर तापलेल्या पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो. थर्मोस्टॅटला हवेचं छोटं भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवायचं.

नवा रेडिएटर बसवण्याआधी आतून खळखळून धुवा. त्यात झाळकामाचं फ्लक्स किंवा धातूचा कीस असू शकतो. जमलं तर झाकणाच्या आकड्याएवढ्या दाबावर तपासूनही घ्या. गळका निघाला तर तो टेबलावर कळलेला बरा. मग पुठ्ठा जाळीसमोर धरून आत सरकवा. सगळे बोल्ट आधी हातानं लावा. भोक जुळत नसेल तर रेडिएटर ओढून जुळवू नका, कंस (ब्रॅकेट) सरळ करा किंवा भोक लांबट करा. गाडीची चौकट रस्त्यावर पिळवटते, आणि ताणून बसवलेल्या रेडिएटरचे सांधे त्या पिळानं उकलतात. खाली रबरी गादी, बोल्टला रबरी वॉशर. विजेचा पंखा लावायचा असेल तर त्याला वेगळी चौकट करा. जाळीतून आरपार ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या नळ्यांवर घासत राहतात आणि एक दिवस भोक पाडतात.

होज नवे घ्या. खालच्या होजमध्ये मुळात स्प्रिंग असेल तर ती नव्यातही हवी, पंपाच्या ओढीनं तो चपटा होऊ नये म्हणून. होज आवळणारी क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. अॅल्युमिनियमच्या तोंडावर ती बेतानं आवळा.

(दृश्य: मल्टिमीटर. एक टोक बॅटरीवर, दुसरं कूलंटमध्ये.)

कूलंट भरताना प्रमाण निम्मं-निम्मं. एकूण क्षमता 10 लिटर असेल तर आधी 5 लिटर न पातळवलेलं कूलंट ओता आणि वर डिस्टिल्ड पाणी. ब्लॉकमध्ये धुण्याचं पाणी उरलेलंच असतं, त्यामुळे क्रम उलटा केला तर 5 लिटरची जागाच उरत नाही. प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली नेऊ नये, गंजरोधक कमी पडतं. वाढवण्यातही फायदा नाही, ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. झाळकाम असलेल्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं सिलिकेटयुक्त कूलंट योग्य. रंगावर जाऊ नका, डब्यावरचा मजकूर वाचा.

हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, गाडीचं नाक थोडं उचला, सावकाश भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकाएकी तापतो आणि पातळी खाली जाते. तेवढं भरा. जास्तीचं कूलंट धरणारी वेगळी बाटली नसलेल्या गाडीत तोंडाखाली 25 ते 40 मिलिमीटर जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलं तर प्रसरणामुळे जास्तीचं कूलंट बाहेर फेकलं जाणारच. त्याला गळती समजून रोज वरून भरत राहणारे मालक कमी नाहीत.

आता वायरिंगच्या दोषांकडे. कूलंटमधून वीज वाहते आहे का, हे तपासायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर, दुसरं कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत अर्थ धन बाजूला असतो, हे ध्यानात ठेवा. इंजिन चालू, मग दिवे, वायपर, पंखा एकेक करून चालू. आकडा 0.1 व्होल्टच्या वर गेला तर अॅल्युमिनियमला धोका आहे. कुठल्या बटणानं आकडा उडी मारतो, त्या भागाचा अर्थ साफ करा आणि इंजिन ते बॉडी जाड पट्टी नव्यानं लावा. हे राहिलं तर काही महिन्यांत नळ्यांना सुईएवढी भोकं पडतात आणि दोष मालाच्या दर्जावर ढकलला जातो.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्या. खालचा किंवा वरचा होज आत ओढला गेलेला दिसला तर झाकणातला हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे, झाकण बदला. क्लिप पुन्हा एकदा आवळा, कारण नवं रबर तापून थोडं बसतं. पातळी बघा. कूलंटची तारीख आणि प्रकार लिहून बॉनेटखाली चिकटवा. सिलिकेटचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायचं, आणि व्होल्टेजची तपासणी गाडीत नवा दिवा, पंखा किंवा पंप जोडला की प्रत्येक वेळी.