धडधडण्याआधीची वीज

(दृश्य: परभणी जिल्ह्यातलं एक खेडं. दिवेलागण. ओसरीत खुडूक कोंबडी.)

आजीबाई कोंबडीखालून अंडं काढतात आणि मोबाईलच्या बॅटरीवर धरतात. आत लाल शिरांचं जाळं. "धरलंय बगा ह्यानं," म्हणतात, आणि अंडं परत ऊबेला.

अंडी बसवून आठवडाही झालेला नाही. आतलं हृदय मात्र कधीचंच कामाला लागलंय. कोंबडीच्या गर्भाचं हृदय दुसऱ्याच दिवशी, साधारण ३३ ते ३६ तासांनी, हलू लागतं. तेव्हा ती असते नुसती एक इवलीशी नळी. ना कप्पे, ना झडपा.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ.)

ठोक्यामागे वीज असते. पेशीच्या आत-बाहेरचा विद्युतदाब क्षणभर, सुमारे एक दशांश व्होल्टने, बदलतो. तो मोजायला पूर्वी केसाहून बारीक काचेची सुई पेशीत खुपसत. एका वेळी एक पेशी. एवढ्याशा नळीत किती सुया टोचणार?

मग संशोधकांनी प्रकाशाला कामाला लावलं. पेशीच्या पातळ आवरणात जाऊन बसणारा रंग वापरायचा. दाब बदलला की त्या रंगातून येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. हा फरक बहुधा शंभरात दोन-चार भाग, कधी एकाहूनही कमी. पण एकाच वेळी अनेक जागी टिपता येतो, आणि सुई टोचावी लागत नाही.

१९७६ मध्ये बेडकाच्या हृदयातली वीज अशी टिपली गेली. १९८१ मध्ये जपानचे कोहतारो कामिनो आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भाकडे मोर्चा वळवला. पाठीच्या कडेने गर्भात एकेक खंड तयार होत जातो, त्यावरून त्याचं वय मोजतात. सात-आठ खंडांच्या गर्भात त्यांना विजेच्या लहरी दिसल्या. आकुंचन सुरू होतं ते नवव्या खंडाच्या सुमाराला. म्हणजे हृदय हलण्याआधीच त्यात वीज खेळत होती!

यात एक सोयही होती. हलणाऱ्या हृदयाचं चित्र फिस्कटतं. हे हृदय अजून हललंच नव्हतं. मोठ्या गर्भासाठी आता ब्लेबिस्टॅटिन नावाचं रसायन वापरतात. ते स्नायूची ओढ थांबवतं, वीज चालू ठेवतं.

(दृश्य: रंगीत नकाशा. लहर नळीतून सरकते, मध्येच रेंगाळते.)

हे रेंगाळणं बघा. नळीत कप्पे घडू लागले, की वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामधल्या अरुंद भागात वीज मुद्दाम मंदावते. दारं धरणारा शेतकरी एक वाफा भरेपर्यंत पुढचं दार उघडत नाही, तसंच.

माणसात हा थांबा कधी कायमचा अडथळा होतो. आईच्या रक्तातली काही प्रतिपिंडं (एरवी रोगांशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळात शिरतात आणि नेमका हाच मार्ग बिघडवतात. खालचे कप्पे मग आपल्याच संथ तालावर चालतात. ठोके मिनिटाला ५०-७० वर येतात. नेहमी ते ११० ते १६० असतात.

पोटातल्या बाळाला तो रंग देता येत नाही. म्हणून सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर उलटा हिशोब करतात, हलण्यावरून विजेचा: वरचा कप्पा कधी आकसला, खालचा कधी, आणि मध्ये किती वेळ गेला.